तीन हजारांतला रॉड

दीड हजार रुपयांत रॉड, रील, तंगूस, डझनभर रबरी मासे, गळांची डबी आणि हे सगळं भरायला चेनची पिशवी. ऑनलाइन दुकानात मासेमारीचं सामान शोधायला गेलं की पहिल्या पानावर असा संच हमखास भेटतो. रॉड एकात एक सरकून हातभर लांबीचा होणारा, अंगावर चंदेरी अक्षरांत ‘९९ टक्के कार्बन’ असं छापलेलं. फोटोतला माणूस बहुधा गोरा, आणि त्याच्या हातातला मासा आपल्या किनाऱ्यावर कधीच न फिरकणारा. पाऊस ओसरून समुद्र निवळला की मुंबईच्या मार्वे-वर्सोव्यापासून रत्नागिरी-मालवणपर्यंतच्या धक्क्यांवर असे नवेकोरे संच दिसू लागतात. त्यांतले बरेच पहिल्याच थंडीत माळ्यावर जातात. कुणाचं टोक मोडलेलं असतं, कुणाच्या रीलची मूठ अडकलेली असते, तर कुणाचा रॉड मिठाने असा घट्ट बसतो की उघडतही नाही आणि मिटतही नाही.

त्याच धक्क्यावर शेजारी एखादे काका मांडी घालून गरवत असतात. त्यांच्याकडे रॉड नावाची वस्तूच नसते. प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, टोकाला शिसं, दोन गळ आणि कोळंबीचा तुकडा. तंगूस तर्जनीवरून गेलेलं असतं आणि खाली मासा नुसता हुंगून गेला तरी त्यांना कळतं. संध्याकाळी त्यांच्या पिशवीत शेंगाळी असते, कधी तांबोशी असते. अख्ख्या साहित्याचा खर्च दोनशे रुपयांच्या आत.

म्हणून कमी पैशांत, म्हणजे तीन हजारांच्या आत, रॉड निवडायचा, तर आधी रॉड करतो काय हे बघावं लागतं. मासा उचलायला तो हवा असतो, हा समज चुकीचा. उलट, रॉड ही गरवणाऱ्याच्या विरुद्ध काम करणारी तरफ आहे: सात फुटांच्या टोकाला किलोभर ओढ बसली की मनगटाला आणि कोपराला त्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. हातात धरलेल्या तंगुसाला ही अडचण नाही. रॉडची खरी कामं तीन. गळ आणि वजन लांब फेकणं, माशाच्या झटक्याला वाकून तंगूस तुटू न देणं, आणि दोरी खडकाच्या धारेपासून किंवा तिवराच्या मुळांपासून वर उचलून धरणं. जिथे या तिन्हींची गरज नाही, म्हणजे धक्क्यावरून सरळ खाली सोडायचं असेल किंवा होडीतून गरवायचं असेल, तिथे काकांची बाटली पुरेशी आहे. तीन हजारांतले पावणेतीन हजार वाचतात.

रॉड लागणारच असेल तर पुढचा स्वस्त पर्याय बांबूचा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सिंधुदुर्गात कुडाळ-सावंतवाडीकडे बांधाबांधावर दिसणारा माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, काटे नसलेला आणि सरळसोट. तळ्याकाठी, ओढ्याकाठी चिलापी किंवा मरळ गरवायला अशी दहा-बारा फुटांची काठी, टोकाला बांधलेलं काठीएवढंच तंगूस आणि भेंडाचा तुकडा एवढ्यावर काम भागतं. रील नाही, कड्या नाहीत, बिघडण्यासारखं काहीच नाही. हीच रचना आज काचतंतूच्या किंवा कार्बनच्या चार-पाच मीटर लांबीच्या मिटत्या काठीतही मिळते, सहाशे-आठशे रुपयांपासून. जिला रील लावायचं नसतं आणि लांब फेकायचं नसतं, अशी मिटती काठी चांगली चालते. घोळ होतो तो तिला रील आणि कड्या लावल्यावर.

जगातल्या नामांकित रॉडचा इतिहासही बांबूतूनच गेला आहे, आणि त्यात भारताचा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबू उभा चिरून, त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून रॉड बनू लागले तेव्हा त्यांचा कच्चा माल भारतातून जात होता. व्यापारात त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. पुढे दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि तो पुरवठा आटला. तोवर काचतंतू दारात येऊन उभा होता. मिशिगनमधल्या शेक्सपिअर (नाटककार नव्हे, रील बनवणारी कंपनी) यांनी १९४७ मध्ये ‘वंडररॉड’ बाजारात आणला होता, आणि बांबूचा बारीक कारागिरीचा धंदा काही वर्षांत श्रीमंतांच्या हौसेपुरता उरला. १९७१ मध्ये जपानच्या टोरे कंपनीने कार्बन तंतूचं व्यापारी उत्पादन सुरू केलं. विमानं त्या तंतूची व्हायला अजून वेळ होता. त्याची पहिली मोठी गिऱ्हाइकं ठरली गोल्फच्या काठ्या आणि मासेमारीचे रॉड. १९७२ मध्ये जपानी ऑलिंपिक कंपनीचे कार्बन रॉड आले, आणि पाठोपाठ अमेरिकेत फेनविकचे.

इथून पुढे ‘कार्बन म्हणजे भारी, काच म्हणजे हलकी’ अशी जी समजूत रुजली, ती गरिबाच्या खिशाला फार महागात पडते. आकडे बघावेत. टी-३०० हा कार्बनचा रोजच्या वापरातला तंतू. त्याचा ताठरपणा २३० गिगापास्कल, तर रॉडमध्ये वापरतात त्या काचतंतूचा ७० च्या थोडा वर. म्हणजे कार्बन तिप्पट ताठ, आणि वजनाला काचेच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. म्हणून कार्बनचा रॉड बारीक, हलका, फेकताना चपळ आणि तळावरची टकटक हातापर्यंत पोचवणारा. पण त्याच तक्त्यात आणखी एक रकाना असतो. तुटण्यापूर्वी टी-३०० दीड टक्का ताणतो, काचतंतू चार टक्क्यांहून जास्त. रॉड खडकावर आपटला, मासा उचलताना उभा धरला गेला, होडीच्या काठावर वाकला, तर काच सोसते आणि कार्बन कटकन जातो. शिकाऊ माणसाच्या हातून होणारे सगळे प्रमाद याच जातीचे असतात.

मग त्या ‘९९ टक्के कार्बन’चं काय? कार्बन कोणत्या प्रतीचा, भिंत किती जाड, राळ किती आणि कशी भाजली, यांतलं काहीही त्या आकड्यात नसतं. कोरी नळी तयार होते ती अशी: राळ भरलेलं तंतूंचं कापड सळीवर गुंडाळायचं, वरून फीत घट्ट लपेटायची आणि भट्टीत भाजायचं. गुंडाळताना तिरके थर किती घातले, यावर नळी वाकताना चपटी होऊन मोडते की टिकते हे ठरतं. स्वस्त मालात काटकसर होते ती इथेच, आणि ती रंगाखाली झाकली जाते. दोन हजारांच्या आतल्या रॉडवरचा कार्बनचा टक्का वाचूच नये.

कमी बजेटमध्ये काच आणि कार्बन मिसळलेला रॉड सर्वांत फायद्याचा. ही युक्ती नवी नाही. शेक्सपिअरनेच १९७६ मध्ये ‘अग्ली स्टिक’ आणला: नळीत दोन्ही तंतू आणि टोकाचा भाग भरीव काचतंतूचा. शोभिवंत कधीच नव्हता, पण अर्धशतक होत आलं तरी विकला जातोय, आणि तो का टिकला हे टोक हाताने वाकवून बघितलं की कळतं. आपल्याकडे बाराशे ते दोन हजारांच्या टप्प्यात याच पद्धतीचे दोन तुकड्यांचे रॉड मिळतात. लुकाना, पायोनिअर ही नावं दुकानदार आधी सांगतात. डेकॅथलॉनचा कॅपरलॅन हा स्वतःचा ब्रँडही याच गिऱ्हाइकाला धरून आहे. त्याखालच्या, पाचशे रुपयांपर्यंतच्या पायरीवर भरीव काचतंतूचे पाच-सहा फुटी आखूड रॉड असतात. जड, बोथट, पण ट्रकखाली आल्याशिवाय मोडत नाहीत. लहान मुलाला घेऊन द्यायचा, किंवा होडीतून खोल सोडून शेंगाळी ओढायची, तर हा रॉड गैर नाही. दिवसभर फेकत राहायचं असेल तर खांदा दुसऱ्या दिवशी जाब विचारतो.

मिटत्या रॉडची एक गोष्ट मान्य करावी लागते. विरारच्या लोकलमध्ये संध्याकाळी सहाला शिरायचं असेल तर हातभर पिशवीसारखी सोय नाही. दोन तुकड्यांचा सात फुटी रॉड साडेतीन फुटांचा होतो आणि दारातल्या माणसाच्या बरगडीत जातो. पण मिटत्या रॉडमध्ये कडी सहसा प्रत्येक तुकड्याच्या टोकालाच बसते. म्हणून कड्या कमी, आणि त्या रॉड जिथे वाकतो तिथे नव्हे, तर जिथे जागा मिळाली तिथे. दोन कड्यांच्या मधे दोरी नळीला घासते, ताण नीट वाटला जात नाही. सांध्यांत वाळू शिरली की झिजतात, मीठ शिरलं की बसतात. प्रवासासाठीच हवा असेल तर चार तुकड्यांचा, खोचून जोडायचा रॉड घ्यावा. थोडा महाग पडतो, पण तो मोकळा झाल्यावर सव्वादोन फुटांच्या आत राहतो आणि वागतो साध्या रॉडसारखा.

लांबी आणि ताकद ठरवते ती जागा. रॉडच्या मुठीवर फूट, पौंड आणि ग्रॅममध्ये आकडे असतात. शिवाय ताकदीची ‘एम’ (मध्यम), ‘एमएच’ (मध्यम-भारी) अशी अक्षरंही असतात. अक्षरांवर विसंबू नये, कारण एका कंपनीचा ‘एम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एमएच’ला भारी असतो. ग्रॅमचा आकडा खरा उपयोगाचा: किती वजनाचं शिसं किंवा लुअर (नकली आमिष) तो नीट फेकेल, हे तो सांगतो. १० ते ३० ग्रॅमचा सात फुटी रॉड तलावाला, धरणाच्या काठाला आणि शांत खाडीला पुरतो. खडकांवरून किंवा खाडीच्या मुखाशी गरवायचं तर आठ ते नऊ फूट आणि ४० ग्रॅमपर्यंतची ताकद हवी, कारण दोरी पुढच्या खडकांवरून उचलून धरावी लागते आणि तांबोशी गळाला लागल्या क्षणी कपारीकडे धावते. तिला पहिल्या दोन मीटरांत अडवलं नाही तर दोरी गेलीच. जिताड्याची तऱ्हा वेगळी. तो उडी मारतो, डोकं झटकतो, आणि त्याच्या गालफडाची कडा पात्यासारखी धारदार असते. तिथे रॉडच्या ताठपणापेक्षा गळाजवळ दोन हात जाड तंगूस असणं महत्त्वाचं. पुळणीवरून लाटांपलीकडे फेकायला अकरा-बारा फुटांचा, शंभर ग्रॅम पेलणारा रॉड लागतो. त्याला तसंच मोठं रील लागतं, आणि हा मामला तीन हजारांत नीट बसत नाही. बसवायला गेलं की रॉड आणि रील दोन्ही कच्चे हाती येतात.

दुकानात गेल्यावर बहुतेकजण रॉड हातात घेऊन हवेत सपासप हलवतात. त्यातून दुकानदाराची करमणूक होते, यापलीकडे फारसं काही निघत नाही. बघायच्या त्या कड्या. सात फुटी स्पिनिंग रॉडला टोकाची धरून सात-आठ कड्या असाव्यात. चार-पाचच दिसल्या तर रॉड जागेवर ठेवावा. एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे बघावं, सगळ्या कड्या एका ओळीत हव्यात. प्रत्येक कडीत आतून सिरॅमिकची गुळगुळीत चकती असते. जपानच्या फुजी कंपनीने या चकत्यांचं शास्त्रच केलं आणि आज महागड्या रॉडवर तिचं नाव मिरवलं जातं. स्वस्त रॉडवर साधी चकती चालते, पण तिला तडा चालत नाही. केसाएवढी चीर दोरीला फेकीगणिक खरवडते, आणि मग मोठा मासा ‘दोरी कच्ची होती’ म्हणून सुटतो. ही चीर डोळ्यांना दिसत नाही. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवावी. कापसाचा धागा जिथे अडकला तिथे चीर आहे. दुकानदार थोडा विचित्र नजरेने बघेल, बघू द्यावं. कडीच्या पायावरचा दोरा आणि त्यावरची राळ अखंड आहे का, चौकट लोखंडावर मुलामा देऊन तर केलेली नाही ना, हेही बघावं. खाडीच्या हवेत मुलामा एका मोसमात तांबूस होतो.

मग रील बसवून घट्ट पिरगळून बघावं, बैठकीत डुगडुगता कामा नये. दोन तुकडे जोडून हलके झटकावेत. ‘टक’ असा आवाज आला तर सांधा सैल आहे. आत खोचायचा भाग असलेल्या सांध्यात दोन नळ्यांमध्ये बोटाच्या नखाएवढी फट राहते. तो दोष नव्हे, झिजेसाठी ठेवलेली जागा आहे. घरी त्या भागाला मेणबत्ती घासली की सांधा पकड धरतो आणि सुटतोही सहज.

पैशांची वाटणी कशी करावी याबद्दल जाणत्यांत एकमत नाही. काहीजण निम्म्याहून जास्त रॉडवर घालतात. खाऱ्या पाण्यासाठी हे पटत नाही, कारण तिथे आधी मरतं ते रील. तीन हजारांत बाराशे-तेराशेचा रॉड, तेवढ्याच किमतीचं ३००० किंवा ४००० आकाराचं स्पिनिंग रील आणि उरलेल्यात दोरी, गळ, शिसं ही वाटणी निभते. रीलच्या खोक्यावर ‘१३+१ बेअरिंग’ लिहिलेलं असतं. तेरा स्वस्त बेअरिंग म्हणजे गंजायला तेरा जागा. चार-पाच बरे असले तरी रील छान फिरतं. बघायचा तो ड्रॅग, म्हणजे ठरलेल्या ओढीनंतर दोरी सोडणारी चकती. ती झटके न देता सुटली पाहिजे. १२ पौंडी दोरी साधारण साडेपाच किलोला तुटते, तेव्हा ड्रॅग तिच्या चौथ्या ते तिसऱ्या भागावर, म्हणजे दीड किलोच्या आसपास लावायचा. घरातला सामान तोलायचा ताणकाटा दोरीला बांधून ओढला की आकडा समोर येतो. हे न करता ड्रॅग आवळून ठेवणारे लोकच बाराशेचा रॉड मोडतात आणि सगळीकडे रॉडची बदनामी करतात.

दोरी साधं तंगूसच घ्यावं, ब्रेड (विणलेली दोरी) नव्हे. ब्रेड बारीक असते, लांब जाते, पण ताणत जवळजवळ नाही. झटका थेट रॉडवर आणि कड्यांवर येतो, आणि स्वस्त कड्यांना तिने खाचा पडतात. तंगूस ताणून अर्धा धक्का स्वतः खातं. संचाबरोबर फुकट आलेली दोरी मात्र भाजीची जुडी बांधायला वापरावी.

जुना रॉड विकत घेणं हाही मार्ग आहे, आणि रॉडच्या बाबतीत तो रीलपेक्षा बराच सुरक्षित. जुन्या रीलच्या पोटात काय गंजलंय ते उघडल्याशिवाय दिसत नाही. रॉडचं जवळजवळ सगळं बाहेरच असतं. कापसाची काडी, सांध्याची परीक्षा आणि नळीवरून नख फिरवून खरचटे शोधणं एवढं केलं की फसगत टळते. कार्बनच्या नळीवर खोल ओरखडा असेल तर रॉड पुढे कधीतरी तिथेच जाणार. टोकाची कडी तुटलेली असेल तर उलट भाव पाडून घ्यावा. नवी कडी काही दहा रुपयांत मिळते, आणि गोंदाची कांडी लायटरवर वितळवून पाच मिनिटांत बसते. टोक दोन-तीन इंच तुटलेला रॉडही अशी कडी लावून चालू होतो, फक्त थोडा ताठ आणि बोथट लागतो.

मोडण्याच्या जागा पाण्यापेक्षा घरीच जास्त. छताचा पंखा, मोटारीचं दार, दाराआड उभा करून ठेवलेला आणि कुणीतरी दार ढकलल्यावर वाकलेला. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने रॉड, कड्या आणि रीलची बैठक धुवायची. पाण्याचा जोराचा फवारा मात्र रीलवर मारायचा नाही, त्याने मीठ आत जातं. कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे तलावाकाठी डोक्यावर तारा असतील किंवा आकाशात गडगडत असेल तर कार्बनचा रॉड आडवा ठेवून दूर व्हावं. अनेक कंपन्या मुठीवर तशी सूचनाही छापतात, वाचतं कुणी नाही.

पाणी कुणाचं, हेही खरेदीआधी बघावं. राज्यातली बरीच धरणं आणि तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात आणि तिथे परवानगीशिवाय गळ टाकता येत नाही. मुंबईचा पवई तलाव गरवणाऱ्यांचा जुना अड्डा, पण तिथेही मनात आलं की गेलं असं चालत नाही, आणि तिथल्या मगरींना परवाना लागत नाही. समुद्रकिनाऱ्यावर काठावरून गरवणाऱ्याला सहसा कुणी विचारत नाही. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी यंत्रचलित होड्यांसाठी असली, तरी त्या दोन महिन्यांत खडकावर चढणारी लाट बंदी बघून थांबत नाही. २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर झालेला चंदेरी पापलेट मात्र कोणत्याही किमतीचा रॉड घेऊन गेलं तरी सहसा गळाला लागत नाही. तो जाळ्याचा मासा.

पहिल्या मोसमानंतर हातात आणखी हजार-दीड हजार असतील तर ते जास्त कार्बनच्या दुसऱ्या रॉडवर घालायची घाई नको. आधी वरच्या प्रतीचं रील, मग चांगल्या पोलादाचे गळ. स्वस्त गळ मोठ्या माशाच्या जबड्यात सरळ होतात, आणि दहा गळांचं चांगलं पाकीट शंभर-दीडशे रुपयांत येतं. दुसरा रॉड घ्यायचाच तर पहिल्याचा भाऊ नको. ज्याच्याकडे आठ फुटी खाडीचा रॉड आहे त्याने तळ्यासाठी ती बिनरीलची, साडेचार मीटरची मिटती काठी घ्यावी.